लीलावतीचा अंकपाश आणि आपल्या लेकी

वर्ध्याचा पिनकोड ४४२००१. धुळ्याचा ४२४००१. आणि तिकडे दूर उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा २४४००१. मैत्रिणींनो, हे तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून बघा. अंक तेच आहेत, दोन चार, एक दोन, दोन शून्यं आणि एक एक. दोनाने फक्त जागा बदलली आणि पत्र विदर्भातून खानदेशात गेलं, आणखी एकदा बदलली तर थेट उत्तर प्रदेशात. नागपूरच्या सीताबर्डीचा पिनकोड आहे ४४००१२. त्यातही हेच सहा अंक. राखीचं पाकीट लिहिताना घाईत दोन अंक इकडचे तिकडे झाले, की भावाच्या मनगटाला राखी पौर्णिमा उलटल्यावरच भेटायची!

हा पिनकोड आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हा एक मराठी माणूस होता. मूळचे कोकणातले, केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे पंडित आणि कवी. एकाच नावाची गावं किती, पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा किती, अक्षर कोणाचं कसं. त्या गोंधळात टपाल भलतीकडे जायचं. त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा देशातला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल कुठे वर्गवारीला जाणार ते सांगतात आणि शेवटचे तीन आपलं पोस्ट ऑफिस सांगतात. म्हणजे इथे अंक कोणते आहेत याच्याइतकंच ते कोणत्या जागी बसलेत यालाही महत्त्व आहे.

आणि इथेच तो प्रश्न येतो, जो आपल्या मुलांच्या पुस्तकात कुठे ना कुठे भेटतोच. ‘दिलेल्या अंकांपासून किती संख्या तयार होतील?’ शिष्यवृत्तीच्या पुस्तकात तो असतो, दहावीला ‘संभाव्यता’ शिकताना तो असतो, अकरावी-बारावीला परम्युटेशन असं भारदस्त नाव घेऊन येतो आणि पुढे स्पर्धा परीक्षांमध्ये तर पाठ सोडत नाही. मुलं आईला विचारतात आणि आई म्हणते, “बाबा आले की विचार.” बाबा म्हणतात, “ट्यूशनच्या सरांना विचार.” सर म्हणतात, “सूत्र पाठ कर.”

खरं तर या प्रश्नाशी आपलं, म्हणजे मराठी मुलखाचं आणि त्यातही बायकांचं, फार जुनं नातं आहे. ते आज सांगायचं आहे.

शेवटच्या प्रकरणातलं जाळं

भास्कराचार्यांचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ साली त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या गावचे आपण, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्याचा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. अंकगणिताचं पुस्तक, पण सगळं श्लोकांत. त्यात भुंगे आहेत, हंस आहेत, तुटलेल्या हारातले मोती आहेत, साप आणि मोर आहेत. आणि अधूनमधून ‘अगं बाळे’, ‘हरिणाक्षी’ अशी एका मुलीला हाक मारून विचारलेले प्रश्न आहेत.

या पुस्तकाच्या अगदी शेवटी जे प्रकरण आहे, त्याचं नाव ‘अंकपाश’. पाश म्हणजे फास, जाळं. अंकांचं जाळं! दिलेल्या अंकांपासून किती संख्या होतील आणि त्या सगळ्यांची बेरीज किती होईल, हाच त्यातला विषय. प्रकरण संपवताना भास्कराचार्य मिश्किलपणे बजावतात, की इथे गुणाकार, भागाकार, वर्ग, घन असं काही विचारलेलं नाही, तरी गणिताचा गर्व झालेली पोरं या जाळ्यात हमखास अडकतील. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या या वाक्यातला शिक्षक मला अगदी ओळखीचा वाटतो.

लीलावती कोण, तर भास्कराचार्यांची लेक, असं आपण ऐकत आलोय. तिच्या पत्रिकेत लग्नाचा योग वाईट होता. वडिलांनी एकच शुभ घटका शोधून काढली. पाण्यात घटिकापात्र ठेवलं. लीलावती कुतूहलाने वाकून बघायला गेली, तिच्या दागिन्यातला मोती सुटून पात्राच्या भोकात अडकला, पाणी भरेना आणि मुहूर्त निघून गेला. मग वडील म्हणाले, तुझं नाव अजरामर करीन, आणि त्यांनी हा ग्रंथ लिहिला. ही गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्यात आलेली आहे. म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. खुद्द ग्रंथात ती कुठेच नाही.

गोष्ट खरी की खोटी, यावर मी वाद घालणार नाही. पण एक बघा. लग्न मोडलेल्या मुलीला बापाने रडत बसायला सांगितलं नाही, व्रतवैकल्यं सांगितली नाहीत, तिच्यापुढे गणित ठेवलं, असं त्या काळच्या लोकांनाही सांगावंसं वाटलं. आणि गोष्ट बाजूला ठेवली, तरी ग्रंथातली ‘अगं बाळे’ ही हाक तर खरीच आहे ना. बाराव्या शतकात एक गणिती अवघड प्रश्न मुलीला विचारतो, याचा अर्थ तिला उत्तर येईल असं त्याला वाटतं.

बांगड्यांचा हिशेब

आमचं केळझर म्हणजे नागपूर-वर्धा रस्त्यावरचं सेलू तालुक्यातलं गाव. इथे आम्ही काहीजणी दुपारच्या वेळात मुलींचा अभ्यास घेतो. एका वर्षी एक मुलगी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचं म्हणत होती. तिची आई शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करणारी, फारसं न शिकलेली. ती एक दिवस आली आणि म्हणाली, “ताई, हिले गणित काही जमत नाही. फारम कायले भरता? येण्याजाण्याचा खर्च उगाच.”

पोरगी पुस्तक घेऊन मान खाली घालून बसलेली. पुढ्यात प्रश्न, की २, ०, ५ हे अंक एकेकदाच वापरून तीन अंकी संख्या किती? तिने सहा लिहिलं होतं. उत्तरात छापलं होतं चार. का चार, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्या आईलाच म्हटलं, “बसा जरा.” माझ्या हातातल्या काढून एक हिरवी, एक लाल, एक पिवळी अशा तीन बांगड्या तिच्यापुढे ठेवल्या. “या ओळीत किती तऱ्हेने मांडता येतील?”

तिने दोनदा मांडल्या, मोडल्या आणि म्हणाली, “हिरवी पयले ठेवली तं मांगं दोनच उरतात. लाल-पिवळी, नाही तं पिवळी-लाल. मंग लाल पयले. मंग पिवळी पयले. दोन, दोन अन् दोन. सहा झाले.”

आता मी पिवळी उचलली आणि तिच्या जागी काळी ठेवली. “ही काळी सगळ्यात पुढे चालणार नाही. मग किती?”

क्षणभर विचार करून ती म्हणाली, “पुढं याले दोघीच उरल्या. दोन-दोन, चार. हे तं सोपं हाय.”

ती काळी बांगडी म्हणजे शून्य! शून्य पुढे आलं तर ०२५ ही तीन अंकी संख्या राहतच नाही, ती पंचवीस होते. म्हणून २०५, २५०, ५०२ आणि ५२०, इतक्याच चार. पोरगी आईकडे बघतच राहिली. आपल्या आईला गणित येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगायचं तर आईलाही त्याच दिवशी कळलं. फॉर्म भरला गेला. यादीत तिचं नाव काही आलं नाही. पण गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारी ती मुलगी आता पुढे बसते आणि “काहून?” असं विचारते.

त्या आईने जे केलं, तेच भास्कराचार्यांचं सूत्र आहे. पहिल्या जागेसाठी तीन पर्याय, दुसऱ्या जागेसाठी उरले दोन, तिसऱ्यासाठी एक. तीन गुणिले दोन गुणिले एक, सहा. चार वस्तू असतील तर चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. म्हणजे पोळी, भाजी, वरण, भात असा चार पुडांचा डबा चोवीस तऱ्हांनी भरता येतो. लोणच्याचा पाचवा पुड आला, की चोवीस पंचे एकशेवीस. एकाच पुडाने एवढी वाढ!

आणि अंक सारखे असले तर? ४, ४, २ घ्या. दोन चार एकमेकांत बदलले तरी संख्या तीच राहते. म्हणून सहाचे निम्मे होतात, फक्त तीन. ४४२, ४२४, २४४. वर्धा, धुळे, मुरादाबाद! भास्कराचार्यांनीही असं उदाहरण दिलंय. ४, ८, ५, ५, ५ या पाच अंकांपासून किती संख्या? पाच वेगळे अंक असते तर एकशेवीस झाल्या असत्या. पण तीन पाच सारखेच. ते आपसात सहा तऱ्हांनी बदलतात आणि आपल्याला फरक दिसत नाही. म्हणून एकशेवीसला सहाने भागायचं. उत्तर वीस.

देवाच्या हातातली आयुधं

भास्कराचार्यांची सगळ्यात गोड उदाहरणं देवांची आहेत. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म. ती एका हातातून दुसऱ्या हातात बदलत गेलं तर मूर्तींचे किती प्रकार होतील? उत्तर चोवीस. आता आठवा, घरात संध्या करताना किंवा पूजेच्या आधी आचमन करताना वडीलमंडळी ‘केशवाय नमः, नारायणाय नमः’ म्हणत ती नावं. तीही चोवीसच. मूर्तिशास्त्रात केशव, नारायण, माधव, गोविंद अशा या चोवीस रूपांना एकेक क्रम नेमून दिलेला आहे. आयुधं तीच, फक्त हात बदलले की नाव बदललं. एखाद्या जुन्या देवळात विष्णूची मूर्ती दिसली, तर कोणत्या हातात काय आहे ते नीट बघा.

मग ते शंकराकडे वळतात. दहा हात आणि पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, धनुष्य, बाण अशी दहा आयुधं. ती बदलत गेलो तर? उत्तर येतं ३६,२८,८००. रोज एक रूप घ्यायचं म्हटलं, तर महादेवाला जवळजवळ दहा हजार वर्षं लागतील. चार हातांना चोवीस आणि दहा हातांना छत्तीस लाख! बोटांवर मोजता येणारी गोष्ट बघता बघता कशी हाताबाहेर जाते, ते इथे कळतं.

आमच्या केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. नागपूरची टेकडी, अदासा, रामटेक, मेंढा, पवनी, भद्रावती, कळंब आणि आमचं केळझर. नव्या वर्षाच्या सुरुवातीला किंवा संकष्टीला बायका गाडी करून या आठांना निघतात, तेव्हा आधी कुठे जायचं यावरून गाडीत जो गलका होतो तो काही विचारू नका. त्यांना मी सांगते, बायांनो, आठ गणपतींना जाण्याचे क्रम एकूण ४०,३२० आहेत. रोज एका क्रमाने जायचं म्हटलं, तरी एकशे दहा वर्षं पुरायची नाहीत. तेव्हा ड्रायव्हर म्हणतो तसं जाऊ या! गंमत म्हणजे हाच आकडा लीलावतीतही आहे. २ पासून ९ पर्यंतच्या आठ अंकांपासून किती संख्या, याचं उत्तर भास्कराचार्यांनी ४०,३२० असंच दिलंय.

केळझरची आणखी एक आख्यायिका आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं इथले लोक मानतात. बकासुराकडे रोज एका घराने पाळीने माणूस पाठवायचा आणि एका घराची पाळी भीमाने घेतली, ती गोष्ट. पाळी कोणाची आधी आणि कोणाची नंतर, यावर तिथे माणसाचा जीव अवलंबून होता. क्रम म्हणजे काय, हे त्या गावातल्या आयांना कोणी शिकवावं लागलं नसेल.

न मांडता बेरीज

अंकपाशातला मला सगळ्यात आवडलेला भाग बेरजेचा आहे. ३, ९, ८ या अंकांपासून सहा संख्या होतात. ३८९, ३९८, ८३९, ८९३, ९३८ आणि ९८३. त्यांची बेरीज करा. कागद-पेन्सिल घेऊन केली, तर ४४४० येते. भास्कराचार्य म्हणतात, संख्या लिहायचीसुद्धा गरज नाही. तीन अंकांची बेरीज वीस. एकूण संख्या सहा, अंक तीन, म्हणजे प्रत्येक अंक प्रत्येक जागी दोनदा बसणार. वीस दुणे चाळीस. आता एककाचे चाळीस, दशकाचे चारशे आणि शतकाचे चार हजार. मिळून चार हजार चारशे चाळीस.

याचा उपयोग काय, असं विचाराल. मुलीने सगळ्या संख्या लिहून काढल्या आणि त्यांची बेरीज अशी जुळली नाही, तर कुठेतरी एखादी संख्या निसटली किंवा दोनदा आली. आपण बचत गटाच्या वहीत उभी आणि आडवी बेरीज जुळवून बघतो ना, तसाच हा पडताळा. ४४२, ४२४ आणि २४४ यांची बेरीज करून बघा. १११० येते. सूत्रानेही तेवढीच येते.

सूर आणि शाळामास्तर

भास्कराचार्यांचा हा वारसा आपल्याच मुलखात पुढे चालला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला, पाटणादेवीच्या देवळात, एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून तिथे मठ काढला आणि १२०७ साली त्याला दान मिळालं, असं त्यात कोरलेलं आहे. (हे ज्ञानेश्वरांना भेटलेले चांगदेव नव्हेत.) एका पुस्तकाच्या अभ्यासासाठी मठ! आज कल्पना तरी करता येईल का?

त्याच सिंघण राजाच्या देवगिरीच्या दरबारात शार्ङ्गदेव होता, ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा. त्याने सा रे ग म प ध नी हे सात सूर एकेकदाच घेऊन किती ताना होतील याचा हिशेब केला. उत्तर ५०४०. नुसती संख्या सांगून तो थांबला नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची, हे काढायची रीतही त्याने दिली. जे अंकांचं, तेच सुरांचं.

आणि आपल्या आजोबांच्या पिढीतले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, नोकरी देवळालीला शाळामास्तरची. अंकांची उलटसुलट मांडणी हाच त्यांचा ध्यास. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तसंच करा. पिनकोडचं साल १९७२ घेऊ.

९७२१ वजा १२७९, ८४४२.
८४४२ वजा २४४८, ५९९४.
९९५४ वजा ४५९९, ५३५५.
५५५३ वजा ३५५५, १९९८.
९९८१ वजा १८९९, ८०८२.
८८२० वजा ०२८८, ८५३२.
८५३२ वजा २३५८, ६१७४.

आता ६१७४ चं पुन्हा करा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन पोचता. जगात याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव सगळीकडे झालं. मुलांना वजाबाकीचा कंटाळा येत असेल तर हा खेळ द्या. पंचवीस वजाबाक्या कुरकुर न करता होतात.

आपल्या पर्समधला अंकपाश

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, गंमत छान आहे, पण आपल्याला काय त्याचं? तर आपल्या एटीएम कार्डाचा पिन काढा. (मनातल्या मनात. मला सांगू नका!) चार जागा, प्रत्येक जागी शून्य ते नऊ असे दहा पर्याय. दहा गुणिले दहा चार वेळा, म्हणजे दहा हजार पिन. चोराला तीन प्रयत्नांत यातला एक सापडणं कठीण, म्हणून बहुतेक बँकांची कार्डं तीन चुकांनंतर बंद पडतात.

पण आपण काय करतो? जन्मसाल ठेवतो. १९ ने सुरू होणारी सालं शंभरच. आपल्या वयाचा अंदाज असणाऱ्याला तर दहा-पंधराच तपासावी लागतील. दहा हजारांची भिंत आपणच दहा-पंधरावर आणून ठेवली! कोणी म्हणते, मी पिन उलटा लिहून ठेवलाय, कोणाला कळणार नाही. बाई गं, चार अंक हाती लागले की ते वेगवेगळे असले तरी त्यांचे क्रम चोवीसच. चोवीस म्हणजे फार नव्हेत, हे विष्णूने आपल्याला सांगितलंय. आणि तीनच वेगवेगळे अंक असून त्यातला एक दोनदा आला असेल तर? तेव्हा छत्तीस क्रम होतात, कारण कोणता अंक दोनदा आला हेही शोधावं लागतं. प्रवासाच्या बॅगेचं तीन चाकांचं कुलूप घ्या. एकूण हजार आकडे. एकेकाला तीन सेकंद धरली तर पन्नास मिनिटांत उघडणारच. म्हणून त्या बॅगेत दागिने ठेवायचे नाहीत.

आमच्या गटातल्या बायांना मी हे सांगितलं तेव्हा पुढच्या आठवड्यात कितीतरी जणींनी पिन बदलून घेतले. ‘पिन कोणाला सांगू नका’ हे त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. दहा हजार आणि चोवीस हा फरक कळल्यावर ते पटलं.

“तिला गणित झेपत नाही”

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, ते सांगते. मुलगी आठवी-नववीत गेली, की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं. “तिला गणित झेपत नाही.” मुलाला गणितात कमी पडले तर ट्यूशन लागते. मुलीला कमी पडले तर तिची दिशा बदलते. काही वर्षं दहावीला ‘सामान्य गणित’ असा सोपा पर्याय होता, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी मुलींना तो घ्यायला लावला. पुढे नर्सिंगच्या, पॉलिटेक्निकच्या, बँकेच्या परीक्षेच्या दारात उभ्या राहिल्यावर त्यांना कळलं, की आपल्या हातातून काय गेलं.

पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनी आपल्या शाळकरी दिवसांबद्दल लिहिलंय. त्या काळी त्यांच्या शाळेत सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र होतं. सातवीच्या शिष्यवृत्तीला बसायचं तर विज्ञान वेगळं शिकावं लागणार होतं. ते त्या शिकल्या आणि ती शिष्यवृत्ती मिळवली. पुढे त्या जगभर नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञ झाल्या, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या आठवणींचं एक पुस्तक त्यांनी सहसंपादक म्हणून केलं, ते २००८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने काढलं. त्याचं नाव ‘लीलावतीज डॉटर्स’, लीलावतीच्या लेकी. पुढे २०१० साली हैदराबादला जगभरच्या गणितज्ञांचं संमेलन भरलं, तिथे गणित लोकांपर्यंत पोचवणाऱ्यासाठी एक पुरस्कार सुरू झाला. त्याचंही नाव लीलावती.

जिचं नाव सगळ्या जगात गणितासाठी घेतलं जातं, ती आपल्याकडची. आणि आपल्याच घरात मुलीला गणित झेपत नाही?

झेपतं, बायांनो. वीस माणसांच्या स्वयंपाकाला कणीक किती भिजवायची, भिशीचा नंबर कोणाला कधी, गटाच्या कर्जावर व्याज किती, हे आपण तोंडी करतो. त्याला कोणी गणित म्हटलं नाही, म्हणून आपणही म्हटलं नाही. आपण कमी शिकलो असू, आपल्यापैकी माझ्यासारख्या कोणी आर्ट्सला गेल्या असतील. पण मुलीशेजारी दहा मिनिटं बसून “चल, मांडून बघू” एवढं म्हणायला डिग्री लागत नाही. मूळ ग्रंथाची चव घ्यायची असेल तर ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ हे मराठी पुस्तक आहे, १९७१ सालचं. तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा.

तोवर एक सोपा अभ्यास देते. लेकीच्या नावाची अक्षरं चिठ्ठ्यांवर लिहा आणि त्यांचे किती क्रम होतात ते तिला काढायला सांगा. ‘कमल’चे सहा होतील. ‘ममता’चे मात्र तीनच, का ते तिलाच शोधू द्या. आमच्या ‘केळझर’चे चोवीस होतात, त्यातल्या एकाच क्रमात गाव सापडतं! तिने उत्तर सांगितलं की लगेच बरोबर-चूक म्हणू नका. फक्त एवढंच विचारा, “काहून गं?”